‘उसनं अवसान’ म्हणजे इम्पोस्टर सिंड्रोम नव्हे

सांगलीत इंजिनिअरिंग करून आता सॉफ्टवेअरमधे असलेल्या एकीनं विचारलंय: कोड रिव्ह्यूत कौतुक झालं, प्रमोशन मिळालं, तरी वाटत राहतं की आपल्याला काही येत नाही आणि एक दिवस हे सगळ्यांना कळणार, तर या इम्पोस्टर सिंड्रोमला मराठीत ‘उसनं अवसान’ म्हणावं का?

नाही म्हणायचं. हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी हे ऐकतोय आणि दरवेळी डोकं फिरतं. अंगात धीर नसताना तो असल्याचं दाखवायचं, याला उसनं अवसान आणणं म्हणतात. तुमचं बरोबर उलटं आहे, अवसान स्वतःचंच आहे आणि तुम्हाला ते उसनं वाटतंय. ‘तोतया’ तर त्याहून नको. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला पक्कं ठाऊक होतं की आपण भाऊ नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या अनुभवावर पहिल्यांदा लिहिलं ते खरोखर कर्तबगार असलेल्या बायकांबद्दल, आणि त्यांनी ‘सिंड्रोम’ हा शब्द वापरलाच नव्हता, ‘फिनॉमिनन’ म्हटलं होतं, म्हणजे आजार नव्हे.

आता मूळ शब्दाकडं या, खरी गंमत तिथं आहे. अवसान म्हणजे शेवट, देहावसानातलं, हे सगळ्यांना माहितीय. मग आपल्याकडं सातारा-सांगलीत ‘पार आवसान गळालं’ म्हणतात त्यात धीर कुठनं आला? काहीजण छातीठोक सांगतात की हा उर्दूतला ‘औसान’, फारसीतनं आलेला. मला नाही पटत! अवतारचा औतार होतो, अवगुणचा औगुण होतो, तसाच अवसानचा औसान झाला असणार, फारसीची वारी कशाला? वेदात अवसान म्हणजे घोडे सोडून थांबायची जागा, मुक्काम. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमसूक्तात ‘यमो ददात्यवसानमस्मै’ आहे, मेलेल्याला यम टेकायला जागा देतो. थांबणं आलं की शेवट आलाच, पाणिनीनं तर ‘विरामोऽवसानम्’ असं सूत्रच करून टाकलंय. पण माझं ठाम मत असं की मराठीनं शेवट धरला नाही, टेकायची जागा धरली. पाय टेकायला जागा असली की धीर येतो, ती सुटली की अवसान गळतं. आणि ‘व्यवसाय’ बघा, वि, अव आणि अवसानातलाच ‘सो’ धातू! गीतेत ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ म्हणजे ठाम निश्चय झालेली बुद्धी, धंदा हा अर्थ नंतरचा. म्हणजे तुमचा व्यवसाय आणि तुमचं अवसान एकाच धातूतनं निघालेत, हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

हां, उपायाचंही विचारलं होतंत. क्लान्स-आइम्सनी दोन गोष्टी सुचवल्यात त्या करा: असंच वाटणाऱ्या चारजणींबरोबर बसून बोला, आणि मिळालेलं कौतुक लिहून ठेवा, सोबत ते आपण कसं झटकून टाकलं तेही लिहा. आणि शब्दच हवा असेल तर ‘अवसान परकं वाटणं’ म्हणा.

कुणाला माझी व्युत्पत्ती अजून पटत नसेल तर त्यानं ‘अवसानघातकी’ बघावा. ऐनवेळी दगा देणारा तो. शेवटाचा घात करणारा म्हणून काही अर्थ लागतो का? टेकायची जागाच काढून घेणारा म्हणा, लगेच लागतो.