स्लिप मोजा, मगच प्रॉपला हात लावा
जोडइंजिनांच्या बोटीचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) उसळतात, पण वेग वाढत नाही? तरी नवा प्रॉप, म्हणजे बोट ढकलणारा पाण्यातला पंखा, घ्यायची घाई नको. आधी हिशोब करा. आरपीएमला पिचने (प्रॉप एका फेऱ्यात तत्त्वतः जितके इंच पुढे जातो) गुणा, मग गिअर रेशो (प्रॉपच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) आणि १०५६ यांच्या गुणाकाराने भागा. मैल प्रति तासात सैद्धांतिक वेग मिळतो. ६००० आरपीएम, २४ इंच पिच, १.७५ रेशो असेल तर साधारण ७८. जीपीएस ६६ दाखवत असेल तर स्लिप, म्हणजे सैद्धांतिक वेगातली घट, १५ टक्के. वेगवान बोटीला हे जरा जास्तच, पण शून्याच्या मागे लागू नका. थोड्या स्लिपशिवाय ढकल मिळतच नाही.

आता दोन्ही इंजिनांचे आरपीएम वेगवेगळे पाहा. एकाचेच उसळत असेल तर त्या प्रॉपचं रबर हब (प्रॉपला शाफ्टशी जोडणारा मधला भाग) सरकतंय का ते तपासा: हब आणि प्रॉपवर एक सरळ रेघ मारा, जोरात फेरी मारा, रेघ तुटली तर उत्तर मिळालं. पात्यांच्या कडाही बोटाने चाचपा.

दोन्ही एकदमच उसळत असतील, त्यातही वळणावर, तर संशय इंजिनं बसवलेल्या उंचीवर. व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत जोडइंजिनं मध्यरेषेपासून दूर असतात, त्यामुळे एकट्या इंजिनाची उंची इथे चालत नाही. प्रॉप हवा ओढतो. इंजिनं बोल्टच्या एकेका भोकाने खाली घ्या, ट्रिम (इंजिनाचा कल) तोच ठेवा आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. एवढं करूनही पकड सुटत असेल तर जास्त कप (पात्याच्या कडेचा बाक) असलेला किंवा चार पात्यांचा प्रॉप बघा. वरचा वेग किंचित घटेल, पण मला तो सौदा परवडतो.