आधी रिकाम्या जागा मोज, मग नावं लिही

टोरंटो, 24 मे 2025

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या मोसमासाठी आपला आइस हॉकी संघ, टोरंटो मेपल लीफ्स, कसा बांधावा याची तुझी यादी मिळाली. रविवारी घरच्या बर्फावर फ्लोरिडाकडून सातवा सामना 6-1 हरल्यावर दोनच दिवसांत ती लिहिलीस, हे ओळीओळीतून कळतं. मार्नर ठेवायचा, टवारेस ठेवायचा, नाइजला मोठा करार द्यायचा. वर रायली आणि 2026 चा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, खेळाडू निवडायचा हक्क) देऊन एक कोटी डॉलरचा सेंटर (मधला फॉरवर्ड) आणायचा. राग निघाला असेल, पण संघ उभा राहत नाही. का, ते सांगतो.

आधी हिशेब. रकमा मिलियनमध्ये न लिहिता लाख-कोटीत लिही. आपल्या डोळ्यांना चूक लवकर दिसते. 2025-26 ची कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, आहे 9 कोटी 55 लाख डॉलर. मॅथ्यूज 1 कोटी 32.5 लाख, नीलँडर 1 कोटी 15 लाख, रायली 75 लाख, असं खाली उतरत गेलास की पुढच्या मोसमासाठी बांधलेले सतरा खेळाडू होतात आणि बेरीज 6 कोटी 90 लाखांच्या आसपास जाते. उरले सुमारे 2 कोटी 60 लाख. रोस्टर (संघाची अधिकृत यादी) तेवीस जणांचा, म्हणजे जागा सहा. आता हे सतरा जण कोण ते बघ: दोन गोली (गोलरक्षक), सात डिफेन्समन, आठ फॉरवर्ड. म्हणजे सहाच्या सहा जागा फॉरवर्डच्या आहेत. तू आठवा डिफेन्समन शोधत बसलायस.

आता या सहा जागांत तुझी माणसं बसवून बघू. मार्नरला 1 कोटी 30 लाख, नाइजला 75, टवारेसला 45 धर. झाले अडीच कोटी. उरलेल्या 10 लाखांत तीन माणसं आणायची, आणि लीगचा किमान पगारच 7 लाख 75 हजार. तुझा कोटीचा सेंटर अजून दारातही आलेला नाही. उन्हाळ्यात कॅपच्या वर 10 टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण मोसमाच्या पहिल्या दिवशी खाली यावंच लागतं. या सवलतीवर इमले बांधणाऱ्यांना सप्टेंबरमध्ये चांगला खेळाडू फुकटात सोडावा लागतो. शिवाय दहाएक लाख हातचे ठेव. नोव्हेंबरात कुणाचा गुडघा गेला की खालच्या लीगमधून माणूस बोलवायला तेच कामी येतात.

दुसरी चूक त्या पिकची. पिक आणि पीक यांत एका वेलांटीचा फरक, आणि टोरंटोने तीन वर्षांचं उभं पीक आधीच विकलंय. 2025 चा पहिल्या फेरीचा पिक मकेबच्या व्यवहारात शिकागोला गेला, 2026 चा कार्लोसाठी बोस्टनला, 2027 चा लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. पिक फार वर आला तर काय, याच्या अटी प्रत्येकात आहेत, पण त्यांच्या भरवशावर योजना आखता येत नाही. एवढी किंमत का मोजली, तेही बघ. लॉटनचा पगार 30 लाख, त्यातला अर्धा फिलाडेल्फिया भरते. कार्लोच्या 41 लाखांतले 15 टक्के बोस्टन भरते. समोरच्याने पगाराचा वाटा उचलला की त्याचा मोबदला पिकमध्ये चुकवावा लागतो. हा वाटा एका करारावर जास्तीत जास्त 50 टक्के, आणि एका संघाला एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. म्हणून "अर्धा पगार त्यांनी भरावा" हे प्रत्येक ट्रेडखाली लिहू नकोस. तू ते चार ठिकाणी लिहिलंयस.

तिसरी चूक रायलीची. त्याचा करार 2029-30 पर्यंत आहे आणि त्यात नो-मूव्ह (संमतीशिवाय हलवायचं नाही) कलम आहे. तो हो म्हणाल्याशिवाय तो कुठेही जात नाही, विषय संपला. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायची सवय लाव: करार कधी संपतो, कोणतं कलम आहे, मोसम सुरू होताना वय किती असेल. तुझे निम्मे ट्रेड तिथेच गळतील.

मार्नरबद्दल लोक म्हणतात, "विकून टाका." विकायला उरलंय काय? करार 30 जूनला संपतो आणि 1 जुलैला दुपारी 12 वाजता करार संपलेल्या मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. टोरंटोच्या हातात एकच छोटी गोष्ट आहे, आठवं वर्ष. स्वतःच्या खेळाडूशी आठ वर्षांचा करार करता येतो, बाहेरच्याशी सातच. म्हणून त्याच्या संमतीने आधी आठ वर्षांची सही घ्यायची आणि मग पाठवायचं, असं जमलं तर थोडंफार पदरात पडतं. मोठं काही मिळणार नाही. तिसऱ्या लाइनचा (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड) एक धड सेंटर मिळाला, तरी मी तो व्यवहार करेन.

नाइजचं प्रकरण वेगळं. तो रिस्ट्रिक्टेड आहे, म्हणजे करार संपला तरी त्याच्यावरचा पहिला हक्क संघाचा. पण "तो कुठे जातोय" म्हणून ताटकळत ठेवू नये. 2024 च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या ब्रोबर्गला 45.8 लाखांची आणि हॉलोवेला 22.9 लाखांची ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या रिस्ट्रिक्टेड खेळाडूपुढे ठेवलेला करार) दिली. असा खेळाडू गेला की जुन्या संघाला पगाराच्या पायरीनुसार पिकमध्ये भरपाई मिळते; दोन्ही आकडे त्या वर्षीच्या पायरीवर नेमके बसवलेले. एडमंटन नुकतंच स्टॅनले कपची फायनल खेळलेलं, पण कॅपमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. तेवढाच पगार देऊन बरोबरी करायला सात दिवस मिळतात. त्यांनी केली नाही आणि दोघेही गेले, भरपाईत दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा एकेक पिक आला. म्हणून नाइजची रक्कम तुझ्या कागदावर सगळ्यात आधी लिही, मार्नरच्याही आधी.

बायआउट, म्हणजे पैसे देऊन करार मोडणं, तू फार सहज वापरतोस. 26 किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. समज, दोन वर्षं 24-24 लाखांची उरलीत. 48 चे दोन तृतीयांश 32, ते चार वर्षांत वाटले की दरवर्षी 8. पहिली दोन वर्षं 16-16 लाख वाचतात, पुढची दोन वर्षं मैदानात नसलेल्या माणसाचे 8-8 लाख कॅपवर. आणि पगार साइनिंग बोनसमधून असेल तर बोनस पूर्ण द्यावाच लागतो, मग वाचतं ते चिल्लर. बायआउटची मुदत 15 जूनला किंवा फायनल संपल्यावर 48 तासांनी, जे नंतर येईल तेव्हा उघडते, आणि 30 जूनला बंद होते.

आता ज्याच्यावर तू एकही ओळ लिहिली नाहीस ते. हरलो कशामुळे? पहिल्या तीन सामन्यांत आपले 13 गोल होते, पुढच्या चारांत मिळून 4. चौथ्यात शून्य, पाचव्यात एक, सहाव्यात दोन, सातव्यात एक. चौथा आणि सहावा सामना परत लावून बघ, पण पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) नजर ठेवू नकोस. पक कोपऱ्यात टाकल्यावर तो परत मिळवायला पहिला कोण पोचतो आणि दुसरा त्याच्यापासून किती लांब आहे, एवढंच दोन पीरियड मोज. कागदावर रेघा मारत जा. एकच सामना बघून मत बनवू नकोस; सहावा आपण 2-0 ने जिंकलो, तो कसा, तेही त्याच रेघांत दिसेल. माझं मत विचारशील, तर सहापैकी निदान तीन जागा 15 ते 35 लाखांतल्या, भिंतीपाशी पक सोडवणाऱ्या विंगरना (कडेच्या फॉरवर्डना) द्याव्यात. एका कोटीवाल्याने ते काम होत नाही, कारण तो एका वेळी एकाच लाइनवर असतो.

गोलींना हात लावू नकोस. वोल 36.7 लाख आणि स्टोलार्झ 25 लाख, दोघे मिळून 62 लाखांच्या आत. स्टोलार्झ पहिल्याच सामन्यात जखमी झाला, म्हणून त्या मालिकेवरून दोघांचंही माप काढता येत नाही. त्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो, एवढं मात्र कोपऱ्यात टिपून ठेव.

नवी यादी ड्राफ्टच्या आधी, 27 जूनच्या आत पाठव. सहा ओळी पुरेत. प्रत्येक ट्रेडखाली समोरचा संघ तो का मान्य करेल, हे त्यांच्या बाजूने एका वाक्यात लिही. वाक्य सुचलं नाही, तर ती ओळ खोड.

तुझा,
काका