काचेचे बॅक बसवून घेतले, आता दुकानदार घड्याळ देत नाही

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. माझ्याकडे १ लाख ४० हजारांचे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेले) घड्याळ आहे, आत व्हॅल्जू ७७५० मशीन आहे. मशीन चालताना दिसावे म्हणून मेनरोडवरच्या एका दुरुस्ती दुकानात मागचे स्टीलचे झाकण काढून काचेचे बॅक बसवून घेतले. ८,५०० रुपये यूपीआयने दिले. तीन आठवड्यांत समोरच्या काचेला आतून धुके धरू लागले. मनगट हलवले की घासल्याचा आवाज येतो आणि क्रोनोग्राफचा सेकंदकाटा रीसेट केल्यावर शून्यावर येत नाही. घड्याळ परत दाखवायला नेले तर दुकानदारांनी ठेवूनच घेतले. "पाणी तुमच्याकडून गेले, ९,००० द्या, मगच घड्याळ मिळेल," म्हणतात. मूळ झाकण भंगारात गेले, असे सांगतात. पावतीवर खाली 'नंतरच्या बिघाडास दुकान जबाबदार नाही' असे छापलेले आहे. माझी केस उभी राहते का?

उत्तर : उभी राहते. मात्र तुमचा सारा भर धुक्यावर दिसतो, आणि तुमची सर्वांत भक्कम बाजू मूळ झाकणाची आहे. तक्रारीत ते पहिले आले पाहिजे.

दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू हा कायद्याने निक्षेप (ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू) असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी दुकानदाराने घ्यायची असते आणि कलम १६० प्रमाणे काम संपल्यावर वस्तू परत करायची असते. झाकण बदलायला तुम्ही संमती दिली होती. जुने झाकण टाकून द्यायला दिली नव्हती. ताब्यातली वस्तू हरवली तर आपण योग्य काळजी घेतली होती, हे ताबा असणाऱ्याने दाखवायचे असते. धुके आणि घासण्याचे तसे नाही. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. एकाच तक्रारीत एक मुद्दा त्यांना सिद्ध करावा लागेल, दुसरा तुम्हाला.

हा दुसरा मुद्दा सिद्ध करायलाही तेच झाकण लागते. ७७५० मशीन ७.९ मिलिमीटर जाड असते आणि त्यात सर्वांत वर, म्हणजे झाकणाच्या बाजूला, रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरून स्प्रिंग गुंडाळणारे वजन) फिरतो. बाजारात मिळणाऱ्या काचेच्या बॅकमध्ये काच आणि तिला धरणारी रिंग आतल्या बाजूला जागा खातात. काही दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी रोटर काचेला टेकतो. घासले की काचेच्या आतल्या बाजूवर कमानीसारखा ओरखडा किंवा धातूचा माग उमटतो, बारीक कीस पडतो, आणि क्रोनोग्राफची यंत्रणा त्या रोटरच्या बरोबर खाली असते. दुकानदार म्हणतील, रोटरचे बेअरिंगच सैल होते. म्हणून गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बसते त्या कडेपासून आतल्या पृष्ठभागापर्यंतची खोली डेप्थ गेजने दोन्ही झाकणांची मोजून तुलना करावी लागते. मूळ झाकण नसेल तर ती तुलना होत नाही. तेव्हा दुकानदारांना पाठवायच्या नोटिशीत झाकण हजर करण्याची मागणी स्वतंत्र परिच्छेदात करा. ते त्यांनी आणले नाही, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ खाली, ते आणले असते तर त्यांच्या विरोधात गेले असते, असा निष्कर्ष काढण्याची विनंती करता येते.

धुक्याबद्दल दुकानदारांचा युक्तिवाद मला आत्ताच दिसतो : धुके समोरच्या काचेवर आहे, मग ओल मागून कशी येईल? यात दम नाही. घड्याळाच्या आतली हवा एकच असते. मागची बाजू मनगटाच्या उबेत राहते, समोरची काच गार असते, त्यामुळे ओल कुठूनही शिरली तरी थेंब समोर धरतात. मात्र चावी आणि दोन्ही बटणांची गॅस्केट हेही शिरकावाचे खरे मार्ग आहेत. मधल्या काळात घड्याळ भिजले होते का, चावी ओढलेली राहिली होती का, पाण्यात बटणे दाबली होती का, हे शपथपत्रात खरे लिहा. एक गोष्ट लपवली आणि उलटतपासात निघाली, तर झाकणाचा मुद्दाही सोबत बुडेल.

काटा शून्यावर न येणे हा भाग मी जपून मांडेन. काटा आपल्या दांड्यावर सरकलेला असू शकतो किंवा रीसेटच्या हातोडीत (काटा शून्यावर ढकलणाऱ्या भागात) दोष असू शकतो. बॅक बसवायला डायलच्या बाजूला हात लावावाच लागत नाही. तज्ज्ञाच्या अहवालात कीस आत गेल्याचे आले, तरच ही मागणी जोडा.

आता घड्याळ अडवून ठेवण्याबद्दल. करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर कौशल्याचे काम केले, त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातले उदाहरणच हिरा पैलू पाडायला दिलेल्या जवाहिऱ्याचे आहे. पण हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. ते ८,५०० तुम्ही देऊन चुकला आहात. पुढची ९,००० ची दुरुस्ती तुम्ही सांगितलेली नाही आणि ती झालेलीही नाही. तिच्यासाठी घड्याळ ठेवता येत नाही.

नोटिशीत एवढे लिहा : "पूर्वीच्या कामाचा पूर्ण मोबदला दिलेला आहे. नव्या कामास माझी संमती नाही. घड्याळ न उघडता, आहे त्या स्थितीत, मूळ झाकणासह १५ दिवसांत परत करावे." पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. नोटीस बंधनकारक नाही, पण तिच्यामुळे घड्याळाची स्थिती तारखेसह नोंदली जाते.

'न उघडता' हे शब्द गाळू नका. दुकानदारांनी आत साफ करून काच पुसली की ओरखडा आणि कीस दोन्ही गेले. घड्याळ हाती आल्यावर तुम्हीही ते लगेच उघडू नका. दुकानदारांना दिवस व वेळ लेखी कळवा आणि दुसऱ्या अनुभवी कारागिराकडून किंवा अधिकृत सेवा केंद्रात, सलग व्हिडिओ सुरू ठेवून, उघडून घ्या. काचेची आतली बाजू, गॅस्केट, घड्याळाच्या सांगाड्यावरची झाकणाची आटी, रोटरची कड आणि मशीनवरचा क्रमांक, सगळ्यांचे जवळून फोटो हवेत. आटी वाकडी चढली असेल किंवा गॅस्केट चिमटले असेल, तर धुक्याचे कारण तिथेच सापडेल. तज्ज्ञाचा अहवाल साध्या चिठ्ठीवर नको, शपथपत्रावर हवा. फोटो-व्हिडिओसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडा.

पावतीवरच्या छापील ओळीला घाबरू नका. काम देण्याआधी ती तुम्हाला दाखवली नसेल, तुमची सही नसेल, तर तिला कराराची अट म्हणणे अवघड आहे. शिवाय ती 'नंतरच्या बिघाडा'बद्दल आहे, झाकण गमावण्याबद्दल नाही. एक धोका मात्र टाळा. तक्रारीत 'हा अनुचित करार आहे' अशी मागणी करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, आणि अधिकारक्षेत्राच्या वादात तुमचे महिने जातील. सेवेतील त्रुटी एवढाच पाया ठेवा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, कलम ३५ खाली. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. सोबतच कलम ३८(८) खाली, घड्याळ सीलबंद स्थितीत आयोगासमोर हजर करावे, असा अंतरिम अर्ज द्या. घड्याळाच्या कंपनीला सामनेवाले करू नका. बदल तुम्हीच बाहेर करवून घेतला आहे, त्यांच्या वॉरंटीचा प्रश्न इथे येत नाही.

मागणी आवाक्यात ठेवा : ८,५०० परत, मूळ झाकणाची किंमत, सेवा केंद्राच्या लेखी अंदाजाप्रमाणे दुरुस्तीखर्च, त्रासाची माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च. पूर्ण १ लाख ४० हजार मागितले तर मशीन निकामी झाल्याचे सिद्ध करावे लागेल. अनेक घड्याळांत अनुक्रमांक मागच्या झाकणावरच कोरलेला असतो. तुमच्यात तसा असेल, तर विक्रीमूल्य घटल्याचे वेगळे मांडा.

पोलिसांत जाण्याची घाई नको. निष्काळजीपणे वस्तू हरवणे हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ (फौजदारी विश्वासघात) लागायला अप्रामाणिक हेतू लागतो. झाकण विकले गेल्याचे किंवा मशीनचे भाग बदलल्याचे निघाले, तर चित्र वेगळे.

आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. तडजोडीत 'दुकानातच पुन्हा दुरुस्त करून देतो' हे मात्र स्वीकारू नका. दुरुस्ती सेवा केंद्रात, खर्च दुकानाचा, आणि त्याच मापाचे मूळ झाकण मिळेपर्यंत ठरावीक रक्कम आयोगात जमा, असे लेखी घ्या.