सायकलच्या हँडलचा वरचा बोल्ट सैल केला, तरी हँडल वर येत नाही. काय करू?

बोल्ट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीचा एक नेमका ठोका द्या. हँडलच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पाचर असते, बोल्ट तिला वर ओढून दांडा नळीत आवळतो. बोल्ट सैल झाला तरी ती तिथेच चिकटून राहते, आणि आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत तर गंजून पक्कीच बसते. पावसाळा संपला की दरवर्षी हेच काम निघतं. सैल केल्यावर वर आलेलं बोल्टचं डोकं ठोक्याने खाली बसलं की पाचर सुटली समजा. मग पुढचं चाक गुडघ्यांत दाबून धरा आणि हँडल डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. बसवताना दांडा पुसून ग्रीस लावा (खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं). मुठींचा कोन बदलायला पुढचा बोल्ट वेगळा असतो. मात्र दांड्यावरची मर्यादेची रेघ बाहेर दिसेल इतकं वर घेऊ नका, दांडा मोडू शकतो. नव्या गिअरवाल्या सायकलींत बहुधा पाचर नसतेच; तिथे उंची स्टेमखालच्या (हँडल पकडणाऱ्या तुकड्याखालच्या) चकत्यांवर ठरते, ठोकत बसू नका.