कामं वाटून दिली तर मूल्यांकनात प्राचार्य कमी पडतात का?

तुमचा प्रश्न असा: शाळेचं सीबीएसईचं स्वमूल्यांकन तोंडावर आलंय, प्राचार्य कामं शिक्षकांत वाटून द्यायला तयार आहेत, पण 'मग नेतृत्वाच्या रकान्यात माझं काय दिसणार?' ही त्यांना धास्ती.

मी इंदूरच्या एका खाजगी शाळेत बरीच वर्षं उपप्राचार्य होते. (आमचं मराठी इंदुरी, मधेच हिंदी डोकावलं तर चालवून घ्या.) आमच्या प्राचार्या मॅडम कामाला वाघ, पण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांच्याच खणात. बाहेरून तपासायला लोक आले, त्यांनी फायली वरवर चाळल्या आणि पाचवीच्या बाईंना विचारलं, "वाचनात मागे असलेल्या मुलांचं काय ठरवलंत?" उत्तर फायलीत छान टाईप केलेलं होतं. बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मुद्देसूद उत्तर दिलं. त्या सरांनी वहीत काहीतरी टिपलं आणि पुढचा प्रश्नही बाईंनाच विचारला. अहवालात बाकी सगळं ठीक, नेतृत्व तेवढं खालच्या पायरीवर.

सीबीएसईच्या मूल्यांकनाच्या चौकटीत सात क्षेत्रं आहेत. 'व्यवस्थापन व प्रशासन' वेगळं, 'नेतृत्व' वेगळं. शाला सिद्धीत, म्हणजे शाळा मूल्यांकनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, हे दोन्ही एकाच क्षेत्रात येतं, पण तिथेही मानकं ४६. अध्यापनापासून समावेशनापर्यंत सगळ्याचा पुरावा एकटा माणूस गोळा करायला निघाला, की मार्चमध्ये रात्री बसून मागच्या तारखांची इतिवृत्तं लिहितो. आम्ही लिहिलीत, खोटं कशाला बोलू!

नंतर वाचनाचं काम त्याच बाईंना दिलं. नुसतं काम नव्हे, आठवड्याच्या दोन तासिका मोकळ्या करून दिल्या आणि पुस्तकांसाठी पाच हजारांपर्यंत परस्पर खर्चाची मुभा. पहिला महिनाभर त्या प्रत्येक बिल घेऊन मॅडमच्या दारात उभ्या. "मी बघणार नाही, सही तुमची," असं म्हणताना मॅडमचा हात पेनाकडे जायचा, ते मी पाहिलंय. बाईंची वही खाडाखोडीची, एका पानावर चहाचा डाग. कोणतं मूल कुठल्या जोडाक्षराला अडतं, हे मात्र तारखेसकट. पुढच्या खेपेला तपासणारे त्या वहीपाशीच अर्धा तास बसले. मॅडमना एकच विचारलं, "यांनी तुमच्या मनाविरुद्ध काय ठरवलं?" त्यांच्याकडे सांगायला दोन गोष्टी होत्या. हेच नेतृत्वाच्या रकान्यात दिसतं, तुमच्या प्राचार्यांना सांगा.

एक मात्र सांभाळा. अग्निशामक सिलिंडरच्या तारखा बघायचं काम क्रीडाशिक्षकांना खुशाल द्या, पण तारीख उलटली तर विचारणा प्राचार्यांकडेच होते. तिथे महिन्यातून एक चक्कर स्वतःची हवीच.

आणि समित्यांचा सुकाळ करू नका. आमच्याकडे उत्साहात अकरा झाल्या. शनिवारच्या पोह्यांवर हिशेब मांडला, तर तीन जणं नऊ-नऊ समित्यांत निघाली. त्यातली एक मी.