वॅगनआरचा क्लच गेलाय: नुसती प्लेट टाकू की पूर्ण सेट? कंपनीचा घेऊ की बाहेरचा?

तुमची गाडी 2013 ची पेट्रोल वॅगनआर, 88 हजार किलोमीटर झालेली. करूळ घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, वर जळका वास येतो. गॅरेजवाला म्हणतोय नुसती प्लेट टाकू, स्वस्तात होईल.

मी मेकॅनिक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे आणि गॅरेजवाले फ्लायव्हील (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनचं जड चाक) फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, माझ्याकडे आणतात. म्हणजे क्लच मेल्यावर मागे काय उरतं, ते मी बघतो.

खर्चाआधी पेडल हातानं दाबून बघा. तुमच्या गाडीला वायरचा क्लच आहे. प्लेट झिजेल तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. तो पार संपला की पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि स्लिप मारतो. सुरुवातीला बोटभर पेडल फुकट जायला हवं. जात नसेल तर वायर ॲडजस्ट करून घ्या. मग सपाट रस्त्यावर 40 च्या स्पीडला चौथा टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. तरीही रेस चढली आणि स्पीड तिथंच राहिला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवायचाच.

आणि एकदा उतरवला की प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग, तिन्ही नवी टाका. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. माझ्या ओम्नीला मी नुसती प्लेट टाकली. प्रेशर प्लेटच्या फिंगर, म्हणजे मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बेअरिंगनं घासून घासून खालावल्या होत्या, त्याकडे ना गॅरेजवाल्याचं लक्ष गेलं ना माझं. सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी. प्लेटमागे वाचवले त्याच्या दुप्पट गेले.

जुनी प्लेट हातात घेतल्याशिवाय नवी बसवू देऊ नका. रिव्हेटपर्यंत सारखी झिजलेली असेल तर तिचं वय झालं होतं, एवढंच. तेलकट असेल तर बहुधा इंजिनचं मागचं ऑइल सील गळतंय. ते तसंच ठेवलंत तर कुठल्याही कंपनीची प्लेट तेल पिऊन पुन्हा घसरेल. सील म्हणजे किरकोळ किमतीचा रबर, पण तिथवर हात पोचतो तो गिअरबॉक्स उतरल्यावरच. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर ते उष्णतेचे, म्हणजे चढावर हाफ क्लचवर गाडी धरण्याची सवय. (जोतिबाच्या यात्रेनंतर अशी फ्लायव्हीलं जरा जास्तच येतात.) रिव्हेटांनी पाडलेल्या चरा फेसिंगनं जातात. खोल तडा असेल तर मी फेसिंग करत नाही, सरळ नवं घ्या म्हणून सांगतो. बीड (ओतीव लोखंड) आहे ते, फुटलं तर पायाजवळ फुटेल.

आता कंपनी. गाडीची कंपनी सहसा क्लच स्वतः बनवत नाही, क्लचवाल्यांकडून घेते. त्यामुळे व्हॅलिओ, लुक, एक्सेडी यांचा सेट घेतलात तरी बिघडत नाही. फक्त दुकान ओळखीचं असू द्या, बिल घ्या. मिळताजुळता डबा आणि निम्मी किंमत दिसली तर हात लावू नका. ‘हेवी ड्यूटी’च्याही नादी लागू नका; स्प्रिंग कडक असेल तर पेडल जड होतं आणि शहरातल्या गर्दीत पाय भरून येतो.

दुकानात नुसतं ‘वॅगनआरचा द्या’ म्हणू नका. 2010 ला तिच्यात एक लिटरचं के सिरीज इंजिन आलं, त्याआधी 1.1 होतं. चासी नंबर सांगा आणि नवी प्लेट जुनीवर ठेवून व्यास आणि हबचे दाते मोजा.

बसवल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर गावातल्या गावात, हलक्या पायानं फिरवा. करूळ घाट त्यानंतर.