स्क्रीनशॉट जोडलेत, लॉग कुठे आहे?

ऑफिसच्या मॅटरमोस्ट (ऑफिसातल्या चॅटचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवरून कर्मचाऱ्याने दरपत्रक पुरवठादारांच्या चॅनलमध्ये टाकलं, असं तुमचं म्हणणं. तो म्हणतो, माझं लॉगिन दिवसभर उघडं असायचं, कोणीही बसलं असेल. गेल्या वर्षी दावा लावलात, सोबत स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडल्यात आणि आता विचारताय, पुरावा टिकेल का. असे प्रश्न वरचेवर येतात. उत्तर एकच: जोडलाय तसा, टिकणं कठीण.

सगळं अडलंय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) वर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्राचा भाग अ यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, लागतो. तज्ज्ञ नेमका कोण चालेल, यावर वाद होऊ शकतो. जुन्याच आयटीवाल्याची सही दोन्हीकडे घेऊ नका.

प्रमाणपत्राला झालेला उशीर एक वेळ निभावतो. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं, पण सुनावणी संपेपर्यंत ते घेण्याची मुभाही न्यायालयाला ठेवली. पुसलेल्या लॉगला, म्हणजे सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदींना, मात्र अशी मुभा कोण देणार?

तुम्ही पाठवलेल्या ऑडिट्स टेबलमध्ये (मॅटरमोस्टच्या डेटाबेसमधल्या लॉगिन वगैरे कृतींच्या नोंदी) प्रत्येकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १२७.०.०.१ आहे; हा सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता. सगळे सर्व्हरच्याच पोटात बसून लॉगिन करत होते की काय? मॅटरमोस्टच्या पुढे एन्जिनएक्स (बाहेरची विनंती आधी घेऊन आत पाठवणारा प्रॉक्सी) आहे आणि मॅटरमोस्टमधलं ‘ट्रस्टेड प्रॉक्सी आयपी हेडर’ रिकामं आहे. तिथे एक्स-रिअल-आयपी (खरा पत्ता सोबत नेणारी ओळ, म्हणजे हेडर) भरा, एन्जिनएक्सही तोच हेडर पुढे पाठवतो ना ते तपासा. जुन्या नोंदी यानं सुधारणार नाहीत. खरा आयपी एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये होता. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये रोज एक फाइल, चौदा ठेवायच्या, पुढची पुसायची. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लॉग १८० दिवस ठेवायला सांगतात. ते वाचले असते तर हा प्रश्नच आला नसता. आता त्या आठवड्याचा सर्व्हर बॅकअप शोधा, आज, उद्या नव्हे.

सेशन्स टेबलवर (चालू लॉगिनची यादी) भिस्त ठेवू नका. लॉगआउट केलं की ती ओळ जाते. ऑडिट्समध्ये युजर आयडी, सेशन आयडी, कृती आणि वेळ असते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), मिलिसेकंदांत. साडेपाच तास मिळवल्याशिवाय तक्ता दाखल करू नका, उलटतपासणीत साक्षीदार इथेच अडखळतो. संदेशाच्या नोंदीत सेशन आयडी नसतो, म्हणून ‘याच मशीनवरून’ हे वेळ जुळवूनच दाखवावं लागेल: हजेरीचं मशीन, सीसीटीव्ही. ते जुळलं तरी खुर्चीत तोच होता, हे न्यायालय मानेलच असं नाही.

त्याचा पीसी फॉरमॅट करून नव्या मुलीला दिलाय का? नसेल तर बंद करून सील करा, डिस्कची प्रत तज्ज्ञालाच काढू द्या. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन त्याचा एसएचए-२५६ हॅश काढा आणि तारीख, वेळ, हजर माणसं लिहून ठेवा.

यापुढे मॅटरमोस्टमधली सेशनची (एकदा केलेलं लॉगिन उघडं राहण्याची) मुदत १२ तासांवर आणा. मूळ ७२० तास असतात. कामाबरोबर मुदत वाढवणारं सेटिंगही बंद करा, नाहीतर १२ तासांना अर्थ नाही.

वकिलांना सांगून पुढच्या तारखेला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १४(३) खाली कागद दाखल करण्याच्या परवानगीचा अर्ज द्या. तारीख कधी मिळेल ते न्यायालय जाणे. अर्ज मात्र तयार ठेवा.